दुसऱ्याच्या बांधीत पाय नाही

भाषणाला उभा राहिला की तो आधी माईककडे बघायचा नाही, भोंग्याकडे बघायचा. कपाळावर हात आडवा धरून भोंग्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहायचा आणि मग मला म्हणायचा, "भोंगा आपल्याकडे फिरव गा. लोकाच्या गावात कायले ओरडाचं?"

मी गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडचा. स्टेशनच्या रस्त्यावर माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न, भागवत सप्ताह, प्रचारसभा, शोकसभा, सगळीकडे माझेच भोंगे. या धंद्यात नेत्यांच्या पोटात काय आहे ते कळत नाही, पण घशात काय आहे ते बरोबर कळतं. मंचावर चढणारा प्रत्येक जण एकच सांगतो, आवाज वाढव. इतक्या वर्षांत आवाज आत वळवायला सांगणारा हा एकच भेटला. त्यामुळे त्याच्या सभेत पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या कानात बोटं घालून बसायच्या, आणि तो समजायचा की आपलं भाषण फार मन लावून ऐकताहेत.

त्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही जात विचाराल, जात सांगितली की पक्ष विचाराल, आणि माणूस बाजूलाच राहील. पक्ष त्याला नव्हताही. केशोरीच्या बाजूच्या एका गावातून तो अपक्ष म्हणून जिल्हा परिषदेवर निवडून आला होता. तरुणपणी फौजेत होता म्हणून सगळे त्याला फौजी म्हणायचे. मी भाऊ म्हणायचो.

आमच्याकडे धानाच्या शेतातल्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, मधे पाणी, पाण्यात धान. रोवणी झाल्यावर दुसऱ्याच्या बांधीत पाय घातला तर भांडण ठरलेलं, मग तो सख्खा भाऊ का असेना. भाऊचं सगळं परराष्ट्र धोरण या एवढ्या तुकड्यातून निघालेलं होतं. टीव्हीवर कुठल्या देशाच्या फौजा कुठल्या देशात शिरल्या असं दिसलं की तो चहाचा कप खाली ठेवायचा. "दुसऱ्याच्या बांधीत पाय नाही," म्हणायचा. "वाईट असो, चांगला असो, त्याची बांधी तो पाहून घेईन. तुले बोलावलं का त्यानं? नाही ना? मंग काऊन गेला?"

लोक हसायचे. त्याच्यामागे त्याला परराष्ट्रमंत्री म्हणायचे, आणि कधी कधी समोरही. तोही हसायचा, पण मुद्दा सोडायचा नाही.

एकदा नाल्यावरच्या रपट्यासाठी, म्हणजे ठेंगण्या पुलासाठी, सभा होती. पावसाळ्यात पोरांना शाळेत जाता येत नाही, बाळंतिणीला दवाखान्यात नेता येत नाही, असा सगळा प्रश्न. भाऊ उठला आणि त्यानं सुरुवात केली ती समुद्रापलीकडच्या एका देशापासून. तिथं कुणाची विमानं कशी गेली, काय करायला गेली आणि काय करून परत आली. शेवटी एक म्हातारा उठून म्हणाला, "भाऊ, ते फौज वापस बोलाव तू, आमी नाही नाही म्हणत. पण तिच्या पयले आमचा रपटा दे."

"रपटा देतो," भाऊ म्हणाला. "पण हे आयकून घे."

रपटा त्यानं दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा माणसांबद्दल लोकांना वाटतं की जगाची काळजी करतात आणि घरची कामं बुडवतात. त्याची कामं बुडत नसत. फक्त तो दुसऱ्याच्या सर्कलमधल्या, म्हणजे मतदारसंघातल्या, कामात कधी तोंड घालत नसे, दुसऱ्याच्या सर्कलचा निधी आपल्याकडे ओढत नसे, कुणाच्या गावातल्या भांडणात पंच म्हणूनही बसत नसे. बोलावलं तरच जायचा, आणि गेला तरी उंबऱ्याबाहेर उभा राहून आधी हाक द्यायचा.

गोंदियाला जिल्हा परिषदेच्या सभागृहातला माईक बिघडला की मला बोलवायचे. असाच एकदा वायर धरून मागे बसलो असताना त्यानं ठराव मांडला. विषय चालला होता अंगणवाड्यांच्या छपरांचा. भाऊ उभा राहून म्हणाला, "कोणत्याई देशानं दुसऱ्या देशात फौज घालू नये, असं या जिल्हा परिषदेचं मत आहे, असा ठराव मी मांडतो."

मग अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "सदस्य महोदय, हे विषयपत्रिकेवर नाही."

"कुठंच नाही ना साहेब," भाऊ म्हणाला. "म्हणून त म्हणून राहिलो."

अनुमोदन कुणी दिलं नाही. छपरं मंजूर झाली.

हे सगळं घरी वहिनीला कळायचंच. वहिनी म्हणजे त्याची बायको. मूलबाळ नव्हतं, दोघंच राहायचे. घर गावाच्या अगदी टोकाला. मागे त्यांचं खळं, खळ्याला लागून नाला, आणि नाल्यापलीकडे दुसरं गाव. वहिनीची जीभ धारदार होती आणि चहा गोड. भाऊकडे माझी खेप झाली की चहा व्हायचाच, आणि चहाबरोबर नवऱ्याची हजेरी. "साऱ्या जगाच्या फौजा वापस बोलावते हा माणूस," ती मला सांगायची, "अन् चुलीवर दूध उतू जाते त उठत नाही. म्हणते, तुझं राज्य आहे."

"आहेच तुझं राज्य," भाऊ म्हणायचा.

एका दुपारी मात्र ती चेष्टेत बोलली नाही. टीव्हीवर कुठल्यातरी पडलेल्या इमारती दाखवत होते. भाऊनं नेहमीचं वाक्य म्हटलं, बोलावलं का. वहिनी सुपातले तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ज्याच्या तोंडातून आवाज निंगत नाही, तो कसा बोलावंल?"

भाऊनं रिमोट उचलला. मग म्हणाला, "तुझं काहीतरी असते." आणि टीव्ही बंद केला.

त्याचं हे वेड आलं कुठून, हे मला माहीत आहे. त्यानं एकदाच सांगितलं, माझ्या पिकअपमध्ये, सभा आटोपून परत येताना. फौजेत असताना त्याला समुद्रापलीकडच्या बेटावर पाठवलं होतं, तिथल्या दोन बाजूंमध्ये शांतता राखायला. मला वाटलं आता गोळीबाराची गोष्ट येणार. तो म्हणाला, "तिथंई धानच होता गा."

त्यानं खिडकीबाहेरच्या बांध्यांकडे हात केला.

"असाच. आपल्यासारखाच धुरा, आपल्यासारखीच बांधी. आमची गाडी रस्ता सोडून बांधीतून गेली. हुकूम होता. निसवलेला, लोंब्या आलेला धान होता. मी मांगं बसलो होतो, मले मांगचं दिसून राहिलं होतं. एक बाई घरातून आली. मले वाटलं आता शिव्या देईन. नाही दिल्या. बांधीत उतरली अन् दबलेला धान एक एक करून उभा कराले लागली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. उभा राहते का तो? ते उभा करे, तो पडे. आमी शांतता ठेवाले गेलो होतो तिच्या गावात."

इतकंच. त्यावर मी काही बोललो असतो तर ते खोटं झालं असतं, म्हणून हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

आता मारबतीचं सांगतो, कारण सगळं तिथून फिरलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागात गावोगाव मारबत काढतात. घरोघरच्या पळसाच्या फांद्या आणि गवताची बाहुली, वर फुटकी मडकी, जुन्या केरसुण्या. सगळं गाव ओरडत निघतं, "इडा-पिडा, खोकला-खासी, घेऊन जा गे मारबत." वर्षभराचा रोग गावाबाहेर नेऊन जाळायचा. बाहेर म्हणजे शिवेपलीकडे. आणि भाऊच्या गावाची शीव म्हणजे नाला. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या त्या गावची पीडा नाल्यापलीकडच्या गावात जळत होती. पलीकडचे दरवर्षी काठ्या घेऊन उभे राहायचे. त्यांच्यात एक बाई होती, पोवारी बोलणारी, थोराड बांध्याची. शिव्या देण्यात तिचा हात धरणारा दोन्ही गावांत कोणी नव्हता. मला ती पक्की लक्षात आहे, कारण भोंगा नसताना तिचा आवाज माझ्या भोंग्याइतका जायचा.

तीन वर्षांपूर्वी त्या भांडणात एका पोराचं डोकं फुटलं. पुढच्या पोळ्याआधी गावानं सभा घेतली, मी माईक लावला. भाऊ उठला, भोंगा आत वळवून घेतला आणि म्हणाला, "आपली पीडा आपण जाळाव. लोकाच्या गावाले कायले पाठवता?"

बोलणं सगळ्यांना पटलं. अगदी माना हलल्या. फक्त पुढचा प्रश्न आला, की मग जाळायची कुठं. शाळेजवळ नको, पोरं आहेत. देवळाजवळ नको, देव आहे. याच्या शेतात नको, त्याच्या वाडीत नको. आपली पीडा आपल्या गावात ठेवायला सगळं गाव तयार होतं, आपल्या जागेत ठेवायला एकही घर तयार नव्हतं.

"माझ्या खळ्यात जाळा," भाऊ म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटल्यासारख्या वाजवल्या.

वहिनी त्या दिवशी माझ्यासमोर त्याच्याशी भांडली. चहा झाला नाही. "जिथं धानाची रास लागते, तिथं साऱ्या गावाचा रोग आणून टाकतेस?" ती म्हणाली. "मले विचारलं? लोकाच्या दारात उभा राहून हाक मारतेस, घरात नाही विचारलं तुनं."

भाऊ म्हणाला, "आता बोललो मी."

मारबत खळ्यात जळाली. नाल्यापलीकडचे काठ्या घेऊन आले होते, ते बघत उभे राहिले आणि मग काय करावं न कळून परत गेले. त्या बाईनं जाताना काहीतरी म्हटलं, पण पहिल्यांदाच ते मला ऐकू आलं नाही.

त्याच महिन्यात अध्यक्षपदाचं सुरू झालं. आधीच्या अध्यक्षांची मुदत संपत आली होती, आरक्षणाची सोडत भाऊला सोयीची निघाली होती, आणि दोन्ही गटांचं बळ जवळजवळ सारखं. एकाला दुसऱ्याचा माणूस चालवून घ्यायचा नव्हता. अशा वेळी ज्यानं कधी कुणाच्या सर्कलमध्ये नाक खुपसलं नाही असा माणूस शोधायला लागले, आणि तसा एकच होता. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून हसले, तिच्यावरून त्याला खुर्ची द्यायला निघाले. राजकारणात असं होतं, तुम्हीही पाहिलं असेल.

त्याला खुर्ची हवी होती का? हवी होती. उगाच साधू करून सांगत नाही. माझ्या दुकानात बसून तो नवा सदरा शिवायचं बोलला होता. आणि सगळ्यात जास्त हवी होती ती ठरावासाठी. "पयला ठराव तोच," म्हणाला. "अध्यक्षानंच मांडला त अनुमोदन कसे नाही देत पाहतो."

"आणि पाठवणार कुठं भाऊ, तो ठराव?" मी विचारलं.

"दिल्लीले. तिथून ते पाठवतील जिकडं पाठवाचं तिकडं." त्यानं जरा विचार केला. "नाही पाठवला तरी चालंन. लिवलेला त राहीन."

निवडणुकीआधी सदस्यांना सहलीला नेतात, हे तुम्हाला माहीत आहे. फुटू नयेत म्हणून. कुठल्यातरी तलावाकाठच्या रिसॉर्टवर ठेवतात, खाऊपिऊ घालतात, फोन काढून घेतात. भाऊनं आपला फोन स्वतः होऊन दिला. हुकूम म्हटल्यावर त्याच्यातला फौजी जागा व्हायचा. निघताना वहिनीच्या अंगात कसकस होती. तो थांबतो म्हणाला, तर ती म्हणाली, "जा. मी काय लहान आहो? तुझ्या दिल्लीले ठराव पाठवून ये."

हे भाऊनंच मला नंतर सांगितलं. पुढचं त्या पलीकडच्या बाईनं सांगितलं, आणि गावानं तुकड्यातुकड्यानं.

तापाचे दिवस होते, घरोघरी कुणी ना कुणी पडून होतं. वहिनीचं दार सकाळी उघडलं नाही. गोठ्यातली म्हैस ओरडत होती. शेजाऱ्यांनी ऐकलं. पाण्याला जाणाऱ्या बायांनी ऐकलं. दुपार झाली. दार लोटून बघावं असं कुणालाही वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही. पण त्या घरामागे राख होती. सगळ्या गावाची पीडा तिथं जळालेली, आणि त्याच घरात ताप. भीती होती, दुसरं काही नाही. तोंडानं मात्र वेगळं म्हणत होते. म्हणत होते, "फौजीले नाही आवडत न विचारता कोणी घरात गेलेलं."

त्याचंच वाक्य. त्यांनी बनवलेलं नव्हतं.

दिवस कलायला आला तेव्हा पलीकडची बाई नाल्यात जनावरं धुवायला आली होती. तिनं म्हैस ऐकली. हाक दिली, उत्तर नाही. ती रपट्यावरून इकडे आली, दाराला खांदा लावला आणि कडी तोडून आत शिरली. वहिनी चुलीपाशी पडलेली होती, डोळे उघडे, बोलणं नाही. बाईनं तिथूनच आपल्या मुलाला आरोळी दिली. त्याचा मालवाहू ऑटो होता. धानाची पोती टाकतात तिथं वहिनीला निजवून ते गोंदियाला निघाले. भाऊच्या गावातले लोक आता बाहेर आले होते आणि रस्ता करून देत होते.

मला फोन त्या मुलाचा आला. माझा नंबर भोंग्याच्या पेटीवर लिहिलेला असतो, सगळ्यांकडे असतो. भाऊचा फोन लागत नव्हता. तो एका पिशवीत, पिशवी कुठल्याशा गाडीच्या डिक्कीत. रिसॉर्ट कुठलं हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, मला होतं, कारण सदस्यांना गाणी ऐकायला स्पीकर मीच पोचवला होता. रात्री आत कुणाला सोडत नव्हते. फाटकावरच्या माणसाला मी सगळं सांगितलं, त्यानं आत विचारलं आणि सकाळी या म्हणाला. मी पिकअपमध्येच बसून राहिलो. उजाडल्यावर स्पीकर न्यायला आलो म्हणालो, तर लगेच सोडलं.

भाऊ मागच्या पायरीवर बसला होता. दाढी केलेली, नवा सदरा अंगात. समोर तलावापलीकडे कुणाचातरी धान होता, तिकडे बघत होता. मी सांगितलं. जे जे माहीत होतं ते सगळं एका दमात सांगितलं.

त्यानं विचारलं, "कोण घेऊन गेलं?"

"नाल्यापलीकडची. ती शिव्या देणारी."

"विचारून गेली का घरात?"

"कोणाले विचारंल भाऊ? कडी तोडली तिनं."

तो उठला. "बरं केलं," म्हणाला. पुन्हा म्हणाला, "बरं केलं."

गटाचे नेते बनियनवर धावत आले. गोंदियाचे असल्यानं हिंदीत बोलायचे. "फौजीभाऊ, आज दोपहर में वोटिंग है. माला आपकी है. दो घंटे की बात है, फिर मैं खुद छोडता हूँ अस्पताल."

भाऊ म्हणाला, "तुमी पाहून घ्या." त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, रागानं नाही. फोनची पिशवी न मागता माझ्या गाडीत येऊन बसला.

वाटेत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

वहिनी दुपारी गेली. भाऊ पोचल्यावर थोडा वेळ होती, पण ओळख नव्हती. तो खाटेशेजारी उभा होता. पलीकडची बाई जमिनीवर बसली होती, तिच्या खांद्यावरचं लुगडं फाटलेलं होतं, दाराला लावलेला तो खांदा. जवळच्याच जिल्हा परिषदेत तेव्हा हात वर होत होते. एका मतानं कोणीतरी अध्यक्ष झाला. संध्याकाळी मिरवणूक निघाली, भोंगे माझेच होते, आधीच ठरलेले. माझ्या माणसानं लावले. दवाखान्यापर्यंत आवाज येत होता. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. एक जागा सुन्न होऊन राहिली आहे, ती तशीच आहे, आणि दुखत नाही याचंच वाईट वाटतं.

भाऊ गावाला कधी बोलला नाही. काऊन नाही गेलात, असं एकदाही विचारलं नाही. त्यानं विचारावं म्हणून लोक वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर सुटले असते. तो सगळ्यांना राम राम करायचा.

एक फरक झाला. त्यानं घराचं दार लावणं सोडलं. दिवसा नाही, रात्री नाही. तुटलेली कडी बसवलीच नाही. कुत्री शिरायची, कोंबड्या शिरायच्या. मी एकदा म्हटलं, "भाऊ, कडी लावून घ्या ना." तो म्हणाला, "कोणाले तोडाची पाळी येऊ नये."

त्यानंतर तो एकदाच माईकवर उभा राहिला. गावच्या कार्यक्रमात लोकांनी आग्रह केला. तेव्हा टीव्हीवर पुन्हा कुठंतरी युद्ध चालू होतं, एक मोठा देश म्हणत होता आम्ही जाणार, दुसरा म्हणत होता जाऊ नका. लोकांना वाटलं भाऊ खुलेल. त्यानं भोंगा आत वळवायला सांगितलं नाही. माईक धरला आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या बांधीत..."

पुढं काही आलं नाही. माझ्या मशीनवर आवाजाची सुई पडून राहिली. म्हाताऱ्यांनी सवयीनं कानात घातलेली बोटं काढली. तो माईककडे बघत होता, जसं काही पुढचा शब्द तिथूनच येणार आहे. मग म्हणाला, "मले आता नाही माहीत." आणि माईक माझ्या हातात देऊन खाली उतरला.

पुढच्या पोळ्याला मारबत कुठं जाळायची हे कुणी त्याला विचारलं नाही. लोकांनी ती पूर्वीसारखी नाल्यापलीकडे नेली. पलीकडून भांडायला कोणी आलं नाही. काठ्याही नव्हत्या. ती बाई काठावर उभी राहून जळताना बघत राहिली आणि विझल्यावर राखेवर पाणी टाकून गेली.

यंदा उन्हाळ्यात भाऊ गेला. झोपेत. दार उघडं होतं, त्यामुळे लगेच कळलं.

शोकसभेचा माईक अर्थात मीच लावला. त्याच्याच खळ्यात सभा होती. खांबावर चढून मी भोंगा बांधला आणि सवयीनं तोंड आत वळवलं. सरपंच खालून म्हणाले, "आज तिकडं फिरव गा, नाल्याकडे. त्यांनाई आयकू जाऊ दे. त्यांचा हक्क आहे."

मी भोंगा फिरवला. वरून पलीकडचं गाव स्वच्छ दिसत होतं. दारं लागलेली, रस्त्यावर माणूस नाही, एक बैलगाडी नुसती उभी. मी पुन्हा नीट पाहिलं. तेवढ्यात खालून तो आवाज आला, माझ्या भोंग्याइतका जाणारा. ती बाई पहिल्या रांगेत बसली होती.

"अरे, तिकडं कायले फिरवतेस?" ती म्हणाली. "तिकडं कोणी नाही. आमी सारे इथं आहो."

मी खाली पाहिलं. खळं भरलेलं होतं. कुठला माणूस इकडचा आणि कुठला तिकडचा, ते वरून कळत नव्हतं. मागाहून मी सरपंचांना विचारलं, त्या गावाला निरोप कुणी दिला होता. त्यांनी इकडे विचारलं, तिकडे विचारलं. निरोप कुणीच दिला नव्हता.